छातीत भरून आलं तर घरात निर्णय कुणी घ्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, माण तालुक्यातल्या गावी आईसोबत राहतात. बरीच वर्षं मधुमेह आहे, तंबाखू सुटलेली नाही. परवा रात्री जेवणानंतर त्यांच्या छातीत जड झालं, घाम फुटला, डावा खांदा भरून आला. गॅस धरला म्हणून त्यांनी इनो घेतलं, आईने पाठ चोळून दिली, दोनेक तासांनी बरं वाटलं आणि सकाळी ते रानात गेले. पुण्यात तुम्हाला हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. तो अटॅक होता का, पुढच्या वेळी कसा ओळखायचा, आणि दवाखान्याचं नाव काढलं की चिडणाऱ्या माणसाला न्यायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

बाकीचं नंतर वाचा. आधी गावाकडे फोन लावा आणि त्यांना आजच दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगा. रविवारी तुम्ही गावी जाल तेव्हा नाही, आज. त्यांनी स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही, कुणीतरी गाडीतून न्यावं. वाटेत किंवा निघण्याआधी पुन्हा तसंच वाटलं तर सरळ १०८.

दुखणं थांबलं म्हणजे धोका टळला असं होत नाही. रक्तवाहिनीत गुठळी धरते, थोडी विरघळते, रक्त पुन्हा वाहू लागतं आणि माणसाला वाटतं गेला गॅस. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी त्याच जागी गुठळी पुन्हा धरते आणि या वेळी वाहिनी पूर्ण बंद होते. मोठा अटॅक घेऊन येणाऱ्या कित्येकांना आधीच्या आठवड्यात असा एखादा इशारा मिळालेला असतो. 'मागच्या बुधवारीपण असंच झालं होतं, पण थांबलं', हे वाक्य तपासणीच्या खोलीत मी फार वेळा ऐकलंय. तुमच्या वडिलांचा बुधवार परवा होऊन गेला असं समजून चला. पट्टी चांगली आली तरी ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी करायला सांगा. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर हा घटक काही दिवस रक्तात सापडतो, त्यामुळे परवा रात्री काय घडलं त्याचा पत्ता आजही लागू शकतो. दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या तरी हृदयरोगतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात घ्या, कारण मधुमेह, तंबाखू आणि हे वर्णन एकत्र आल्यावर 'बघू पुढे' म्हणायला जागा राहत नाही.

आता घाईचं कारण सांगतो, कारण ते नीट कळलं की बाकीचं पटवायला सोपं जातं.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीच्या आतल्या चरबीच्या थराला तडा जातो आणि तिथे रक्त गोठतं. पुढच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. पहिल्या वीसेक मिनिटांत रक्त पुन्हा सुरू झालं तर स्नायू बहुतेक सावरतो. त्यानंतर मात्र तो मरायला लागतो. पाटाचं पाणी कमी पडलं की टोकाचे वाफे आधी सुकतात, तसा हृदयाच्या भिंतीचा सगळ्यात आतला थर आधी जातो आणि मग मरण बाहेरच्या बाजूला सरकत जातं. सहा तासांत वाचवण्यासारखं बरंचसं संपलेलं असतं. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, तिथे वण राहतो. अटॅकमधून वाचलेला माणूस वर्षभरानंतर जिना चढताना धापा का टाकतो, रात्री दोन उशा घेऊन का झोपतो, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या पहिल्या काही तासांत सापडतं.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवर जगभरात झालेल्या चाचण्या एकत्र करून १९९६ साली एक हिशोब मांडला गेला. त्यात पन्नास हजारांवर रुग्ण होते. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या तासात इंजेक्शन मिळालं तर दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जीव जास्तीचे वाचतात. दुसऱ्या तासात तेच इंजेक्शन दिलं तर ३७, तिसऱ्या तासात २६. औषध तेच, डॉक्टर तेच, फरक फक्त घड्याळाचा. मी हे आकडे नातेवाइकांना मुद्दाम सांगतो. 'लवकर या' हे सगळेच म्हणतात, पण एका तासाची किंमत माणसांत मोजून दाखवली की ऐकणारा गप्प होतो.

मग वेळ जातो कुठे? आपल्या देशातल्या पन्नास शहरांमधल्या ८९ रुग्णालयांत वीस हजारांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवून झालेला क्रिएट नावाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. म्हणजे निम्म्या लोकांना त्याहूनही जास्त लागले. रस्ते खराब आहेत, गाडी मिळत नाही, हे खरंच आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या घरांना मी मिनिटं मोजायला लावतो तेव्हा रस्त्यावर गेलेला वेळ बहुधा तास-दीड तासाचा निघतो. उरलेला वेळ घरात, खाटेवर, ओवा चावण्यात गेलेला असतो.

हा वेळ अडाणीपणामुळे जातो असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. अमेरिकेत वीस शहरं घेऊन एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या दहा शहरांत अठरा महिने टीव्ही, वर्तमानपत्रं, सभा, दवाखाने, सगळीकडून लोकांना अटॅकची लक्षणं शिकवली. २००० साली निष्कर्ष आले. लोक रुग्णवाहिका जास्त बोलावू लागले, हे चांगलंच झालं. पण त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ, इतर दहा शहरांच्या तुलनेत, काही कमी झाला नाही. लक्षणं माहीत असणं आणि रात्री अकरा वाजता स्वतःच्या छातीवर हात ठेवून 'मला अटॅक आलाय, चला' म्हणणं, यांच्यात फार मोठं अंतर आहे. मी डॉक्टरांनाही स्वतःच्या छातीतल्या दुखण्याला ॲसिडिटी म्हणताना पाहिलंय.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्याच्या छातीत दुखतंय त्याच्यावर हा निर्णय सोडू नका. तो घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस कमी भीतीचं कारण शोधतो. गॅस, पित्त, उसण, दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी केली म्हणून खांदा भरला. त्यात खर्चाची काळजी असते, पोरांची झोपमोड नको असते, आणि गावातून रात्री रुग्णवाहिका गेली की सकाळी दारात लोक जमणार याचा संकोचही असतो. ऊसतोडीच्या टोळीत तर एक दिवसाचा खाडा म्हणजे उचल फिटायला आणखी एक दिवस, त्यामुळे माणूस मोळी टाकतो आणि पुन्हा कोयता हातात घेतो. यातलं एकही कारण खोटं नाही. पण ही सगळी कारणं रुग्णाच्या तोंडून येतात, आणि घरातले त्याचा मान राखून गप्प बसतात. मान राखण्याची ती वेळ नव्हे.

बायकांच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने घडतं. पुरुषाने छाती धरली तर निदान घरात धावाधाव होते. आई म्हणाली 'अंगात त्राण नाही, मळमळतंय, पाठीत भरून आलंय', तर तिला चहा करून देतात आणि पडून राहायला सांगतात. ती स्वतःही 'एवढं आवरते आणि मग टेकते' म्हणते. तुमच्या आईचंही वय साठीकडे गेलं असेल. वडिलांसाठी जे ठरवाल ते आईलाही लागू करा.

आता ओळखायचं कसं. लोक 'दुखतंय' हा शब्द फार कमी वापरतात, आणि आपण नेमका त्याच शब्दाची वाट पाहत बसतो. ते म्हणतात: छातीवर कुणी पाटा ठेवलाय, आवळल्यासारखं होतंय, जळजळतंय, भरून आलंय, जीव घाबरा होतोय. विचारलं कुठे, तर एका बोटाने जागा दाखवत नाहीत, सगळा तळवा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. ही मूठ दिसली की मी पुढचा प्रश्न विचारता विचारताच पट्टीचं मशीन मागवतो. कळ डाव्या हातात जाते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती दोन्ही हातांत, गळ्याशी, खालच्या जबड्यात, पाठीत दोन्ही खवाट्यांच्या मध्ये, किंवा वर पोटात बेंबी आणि छातीच्या मधल्या खड्ड्यात सुद्धा येते. जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरांकडून माझ्याकडे पाठवलेले रुग्ण आहेत. त्या डॉक्टरांचे आभार मानावे तेवढे थोडे.

घामाकडे विशेष लक्ष द्या. पंखा चालू असताना, थंडीच्या दिवसांत, काही काम न करता बनियन भिजेल असा गार घाम आला आणि सोबत छातीत किंवा पोटात काहीही होत असेल, तर तो गॅस समजू नका. पित्ताने माणूस हैराण होतो, पण असा गार घामाने चिंब होणं पित्तात सहसा दिसत नाही. ढेकर आल्यावर बरं वाटलं हाही पुरावा धरू नका. अटॅकमध्येही मळमळ, उलटी, ढेकर येतात, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक असेल तेव्हा.

तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की हृदयाकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसाही बोथट होतात. अशा माणसाला अटॅक आला तरी छातीत कळ येईलच असं नाही. एकाएकी धाप लागते, अंग गळून जातं, उलटी होते, चक्कर येते, किंवा नेहमी आटोक्यात असणारी साखर कारण नसताना एकदम वर जाते. वयस्कर माणसांतही हेच. आणि वयाचं म्हणाल, तर आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. इंटरहार्ट या बहुदेशीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मध्यम वय ५३ होतं आणि इतर देशांत जवळपास ५९. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाच्या छातीत भरून आलं तर 'एवढ्या तरुण वयात कसला अटॅक' असं कुणी म्हणू नये.

मी घरांना एकच माप देतो. छातीत, जबड्यात, हातात, पाठीत किंवा वरच्या पोटात असं काही सुरू झालं आणि शांत बसून दहा मिनिटांत गेलं नाही, तर निघायचं. सोबत घाम, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर दहा मिनिटंही थांबायचं नाही. शेवटी गॅसच निघाला तर पट्टीचा कागद घेऊन घरी परत या. चुकीच्या शंकेने आलेल्या माणसावर मी कधी रागावलो नाही, आणि कुणी डॉक्टर रागावले तरी पुढच्या वेळी पुन्हा जा.

निघायचं म्हणजे काय करायचं, ते आईला फोनवर सांगता येईल इतकं सोपं आहे. त्यांना आहे तिथे बसवायचं, पाठीला टेका द्यायचा, चालवायचं नाही, जिना उतरून गाडीपर्यंत स्वतः येऊ द्यायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. त्यांना गाव, वस्ती, जवळची खूण सांगायची आणि 'छातीत दुखतंय, घाम आलाय' हे शब्द स्पष्ट उच्चारायचे. गाडी कुठवर आहे ते विचारायचं. वस्ती आडरानात असेल आणि गाडीला फार वेळ लागणार असं कळलं तर गावातली चारचाकी घ्यायची, मागच्या सीटवर सोबत एक माणूस बसवायचा आणि कुठे येतोय ते रुग्णवाहिकेला फोनवर सांगत निघायचं, म्हणजे वाटेत गाठ पडते. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणलेले रुग्ण मी पाहिलेत. दुसरा काहीच मार्ग नसेल तरच ते करा.

वाट बघताना एक गोळी द्यायची, ती म्हणजे ॲस्पिरिन. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत सतरा हजारांवर रुग्ण होते. अटॅकमध्ये ताबडतोब सुरू केलेल्या साध्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने कमी झाले, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सोबत दिल्यावर ४२ टक्क्यांनी. एवढा परिणाम देणारी इतकी स्वस्त गोळी वैद्यकशास्त्रात फार सापडत नाही. मोठ्या माणसाला साधारण ३०० मिलिग्रॅम लागतं. डिस्प्रिनची एक गोळी चावून किंवा पाण्यात विरघळवून द्या, किंवा घरात इकोस्प्रिन ७५ असेल तर तिच्या चार गोळ्या चावून खायला लावा. गिळायची नाही, चावायची, म्हणजे लवकर रक्तात मिसळते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, पोटातल्या व्रणातून रक्तस्राव झालेला असेल, काळी शी होत असेल, मेंदूत रक्तस्राव होऊन गेला असेल, किंवा आत्ता तोंड वाकडं झालंय, बोबडी वळलीय, एक बाजू लुळी पडलीय असं दिसत असेल तर देऊ नका. रक्त पातळ करणारी दुसरी औषधं चालू असतील तर १०८ च्या डॉक्टरांना आधी विचारा. पण गोळी शोधायला मेडिकलपर्यंत धावू नका. घरात असेल तर द्यायची, नसेल तर निघायचं.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही गोळी मात्र शेजाऱ्याची उसनी आणून देऊ नका. तिने रक्तदाब झपकन खाली येतो, आणि काही प्रकारच्या अटॅकमध्ये तो आधीच खाली असतो. ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी ती लिहून दिलीय त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. मोबाईलवर 'अटॅकपासून वाचवणारं तीन गोळ्यांचं किट' फिरतं, त्यात हीच गोळी असते. त्याहून मोठी अडचण अशी की किट खाल्लं की घराला वाटतं उपचार झाला. जोरजोरात खोकत राहिल्याने अटॅक थांबतो हा निरोपही तसाच फिरतो. खोकून गुठळी निघत नाही, फक्त वेळ जातो. लाल मिरची, गरम पाणी, छातीला तेल, कशानेही निघत नाही.

आता पुण्याचा मुद्दा, कारण तुमच्यासारखी मुलं इथेच अडकतात. फोन आल्यावर तुमच्या मनात पहिलं येईल: सरळ पुण्याला घेऊन या, इथे चांगली हॉस्पिटलं आहेत. तसं करू नका. माणमधून पुणे तीन-चार तास धरा, आणि त्यातला प्रत्येक तास वर सांगितलेल्या हिशोबातला आहे. आधी सगळ्यात जवळचं असं ठिकाण, जिथे पट्टी निघते आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. ज्या दवाखान्यात पट्टीचं मशीनच नाही तिथे थांबून सलाईन लावून घेणं म्हणजे अर्धा तास गमावणं. दारातून आत गेल्यावर केस पेपरच्या रांगेत उभं न राहता मोठ्याने सांगा, 'छातीत दुखतंय, आधी पट्टी काढा'. पहिली पट्टी दहा मिनिटांच्या आत निघायला हवी, हा आमच्या शास्त्राचा नियम आहे, तुम्ही काही वशिला मागत नाही.

पट्टीत वाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली तर दोन वाटा असतात. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा घालून बंद वाहिनी उघडणं, होऊ शकेल अशा ठिकाणी पोचता येत असेल तर ती उत्तम. तेवढ्यात जमणार नसेल तर इंजेक्शन तिथेच, लगेच द्यायचं आणि मग सातारा किंवा कराडकडे निघायचं. पुढची अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांचं चित्र काढून बघणं, साधारण दुसऱ्या दिवसाच्या आत करता येते. इंजेक्शन म्हणजे गरिबांचा दुय्यम उपचार असा एक समज शहरात राहणाऱ्या नातेवाइकांमध्ये घट्ट बसलाय. तमिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्या केंद्रांना जोडून, जवळच इंजेक्शन आणि मग पुढे पाठवणं अशी साखळी उभी केली, तेव्हा अशा अटॅकच्या रुग्णांचा वर्षभरातला मृत्युदर १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आला. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला छोटी आरोग्य केंद्रं अशीच जोडली आहेत: केंद्रात पट्टी निघते, ती हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोचते, काही मिनिटांत निदान परत येतं. आपल्याकडेही अनेक शासकीय रुग्णालयांत पट्टी अशी पाठवून वाचली जाते. तालुक्याच्या डॉक्टरवर विश्वास ठेवा, त्याच्या मागे मोठे डॉक्टर फोनवर उभे असतात.

इंजेक्शनच्या आधी सही लागते, आणि ही सही पुष्कळ वेळ खाते. डॉक्टर सांगतात की मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका आहे. ते खरं आहे, साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. हे ऐकलं की आई म्हणते मुलीला विचारते, मुलगी म्हणते माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारते, ते फोन उचलत नाहीत. खाटेवर स्नायू मरत असतो. म्हणून हे आजच ठरवून टाका: डॉक्टर म्हणाले अटॅक आहे आणि इंजेक्शन लागेल, तर आई सही करेल, कुणाला न विचारता. आणि हे आईला तुमच्या तोंडून ऐकू द्या. 'माझी वाट बघू नकोस, तुझ्या सहीला मी कधी नावं ठेवणार नाही', असं सांगा. पुढे काही बरंवाईट झालं तर मुलं विचारतील तू सही का केलीस, या धास्तीने कितीतरी आया पेन हातात घेऊन थांबतात.

पहिली पट्टी चांगली आली आणि तरी दुखतंय, तर घरी जायचं नाही. सुरुवातीच्या पट्टीत अटॅक न दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे. ट्रोपोनिनही पहिल्या काही तासांत वाढलेलं नसू शकतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढायला सांगा आणि काही तासांनी रक्त पुन्हा तपासायला सांगा. आणि जुनी पट्टी बरोबर न्या. आधीच्या पट्टीशी ताडून बघता येणं ही आम्हाला फार मोठी मदत असते. आज जी पट्टी निघेल तिचा फोटो तुमच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये ठेवा.

खर्चाबद्दल. वडील तोंडाने बोलणार नाहीत, पण अडून बसण्यामागे बहुतेक हेच असेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी येते, आता सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना येते, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद नंतर देण्याची सोय आहे. सातारा-कराडमधली कुठली रुग्णालयं योजनेत आहेत ते १५५३८८ वर फोन करून आजच विचारून घ्या, त्या रात्री नाही. स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी राहावी म्हणून आत बसवतात ती जाळी, लाखाच्या वर जाते हेही आता जुनं झालं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने किमतींवर मर्यादा घातली तेव्हा औषधाचा लेप असलेला स्टेंट तीस हजारांच्या आत आला, आणि ती मर्यादा थोडीफार वर सरकत आजही आहे. वडिलांना हे आकडे सांगा. 'पैशांची काळजी करू नका' या वाक्याने त्यांची काळजी जात नाही, आकडे ऐकल्यावर जाते.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण ती बोलायलाच हवी. अटॅकच्या पहिल्या तासात हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबू शकतं. माणूस कोसळतो, हाक मारली तर उत्तर देत नाही, श्वास थांबतो किंवा मधूनच आचके देतो. तेव्हा तोंडावर पाणी मारणं, कांदा हुंगवणं यात एक क्षणही घालवू नका. त्याला जमिनीवर उताणं झोपवायचं, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा आणि त्यावर दुसरा हात ठेवायचा, कोपरं ताठ, आणि छाती पाच-सहा सेंटिमीटर दबेल इतक्या जोराने मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दमलं की माणूस बदलायचा. वस्तीवरच्या दोन तरुण पोरांना हे शिकवून ठेवा. ग्रामपंचायतीने मागणी केली तर आरोग्य केंद्रातले लोक गावात येऊन शिकवतात असा माझा अनुभव आहे. चुकीचं दाबलं तर काय होईल, याची भीती बाळगू नका. त्या अवस्थेत काहीच न करण्याहून वाईट काही नाही.

राहिला वडिलांशी बोलण्याचा प्रश्न. 'तुम्हाला अटॅक येईल' असं त्यांना घाबरवू नका, घाबरलेला माणूस लपवतो. 'तुम्ही कधीच ऐकत नाही' हेही नको. माझ्याकडे चालतं ते असं: 'बाबा, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि आईनेही एकटीने ठरवायचं नाही, हे आपलं आधीच ठरलंय. दहा मिनिटं झाली की गाडी निघणार. गॅस निघाला तर मी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही.' ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याला मुलीच्या हुकमावर जायला अवघड जातं. ठरलेल्या गोष्टीप्रमाणे जायला तेवढं अवघड जात नाही. शेजारचा एक माणूस यात सामील करा, ज्याच्या शब्दाला ते मान देतात आणि ज्याच्याकडे चारचाकी आहे. आईने रात्री दोन वाजताही त्याचं दार वाजवायचं, हे त्याच्यासमोर बोलून ठेवा. तो नाही म्हणणार नाही. गावात अजून हे शिल्लक आहे.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. मोठ्या अक्षरात १०८, शेजाऱ्याचा नंबर, तुमचा नंबर, वडिलांच्या चालू गोळ्यांची नावं, ॲलर्जी असल्यास ती. खाली एका पिशवीत डिस्प्रिनची पट्टी, शिधापत्रिका आणि आधारच्या प्रती, जुने रिपोर्ट. डिस्प्रिनची मुदत तपासून ठेवा.

आज दहिवडीला गेल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी न विसरता सांगायला सांगा: त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, आणि सोबत घाम होता. 'जरा गॅस झाला होता' एवढंच सांगून वडील उठतील, म्हणून आईला बरोबर पाठवा आणि तपासणी चालू असताना तुम्ही फोनवर राहा. पट्टी हातात आली की तंबाखूचा विषयही तिथेच डॉक्टरांसमोर काढा, घरी नको.